नऊ वर्षांनंतर साचलेले पाणी: स्तन-पुनर्रचनेतील इम्प्लांट, कर्करोग उलटल्याची शंका आणि एका स्टिकरचा शोध

ऑगस्ट २०२३ मध्ये शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातील ५० वर्षांच्या प्राथमिक शिक्षिका कोल्हापुरात आमच्या कर्करोग शस्त्रक्रिया विभागात आल्या. त्यांच्या डाव्या छातीचा भाग काही आठवड्यांत बराच फुगला होता. वेदना नव्हती, ताप नव्हता, त्वचेवर लाली नव्हती. फक्त त्या बाजूला ताण जाणवत होता आणि नेहमीचे ब्लाउज बसत नव्हते. त्यांच्यासोबत यजमान आणि दीर होते. दिरांच्या हातात पेट-सीटीचा, म्हणजे पेशींची सक्रियता दाखवणाऱ्या स्कॅनचा, अहवाल होता आणि त्यातील एका वाक्याखाली पेनने रेघ ओढलेली होती: डाव्या काखेत सक्रिय लसीका ग्रंथी, आजार उलटल्याची शक्यता. घरच्यांचा पहिला प्रश्न केमोथेरपी कधी सुरू करायची, हा होता. रुग्णाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण येथे मांडले आहे.

पूर्वइतिहास

मार्च २०१४ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांच्या डाव्या स्तनात दोन वेगवेगळ्या भागांत गाठी आढळल्या होत्या. मोठी गाठ २.४ सेंटिमीटरची होती. दोन्ही गाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे या संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, आणि हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह अशा होत्या. केवळ गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिले तरी आयुर्मानात फरक पडत नाही, हे इटली आणि अमेरिकेतील चाचण्यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. परंतु स्तनाच्या चार भागांपैकी दोन भागांत गाठी असताना २०१४ मध्ये बहुतेक शल्यचिकित्सक पूर्ण स्तन काढण्याचाच सल्ला देत, आणि तो येथेही दिला गेला. पुण्यात त्वचा राखून स्तन काढण्यात आला, काखेतील सेंटिनल ग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरताना जेथे प्रथम पोहोचतो त्या ग्रंथी, तपासल्या असता त्या कर्करोगमुक्त निघाल्या, त्यामुळे उरलेल्या ग्रंथी तशाच ठेवण्यात आल्या आणि त्याच भुलीत छातीच्या स्नायूखाली सिलिकॉन जेलचे इम्प्लांट, म्हणजे स्तनाला आकार देणारे कृत्रिम रोपण, बसवण्यात आले. पुढे केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या. रेडिएशनची गरज नव्हती. इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारे टॅमॉक्सिफेन हे औषध पाच वर्षांसाठी सुरू झाले आणि २०१९ मध्ये ते दहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आले. त्याला आधार होता तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलास’ चाचणीचा, जिने दहा वर्षांच्या टॅमॉक्सिफेनचा लाभ, विशेषतः निदानानंतरच्या दुसऱ्या दशकात, दिसतो असे सिद्ध केले होते.

कर्करोगाच्या दृष्टीने ही सर्व वाटचाल निर्दोष होती, हे आधी नोंदवले पाहिजे. दरवर्षी उजव्या स्तनाची मॅमोग्राफी झाली, औषध चुकले नाही, तपासण्यांच्या तारखा पाळल्या गेल्या. डाव्या बाजूबद्दल मात्र प्रत्येक वर्षीच्या टिपणात एकच ओळ होती: ‘इम्प्लांट जागेवर.’ ते जागेवर होते यात शंका नाही. ते अखंड आहे का, हा प्रश्न नऊ वर्षांत कोणी विचारल्याची नोंद नव्हती. सिलिकॉन इम्प्लांटचे कवच आतल्या आत फाटले तर बहुतेकदा बाहेरून काहीच समजत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाचव्या-सहाव्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी करावी असे सुचवले. त्याआधीचे वेळापत्रक तर याहून कडक होते: तिसऱ्या वर्षी एमआरआय आणि नंतर दर दोन वर्षांनी. या दोहोंपैकी कोणतेही वेळापत्रक या रुग्णाच्या फाइलपर्यंत पोहोचले नव्हते. कर्करोगाची तपासणी करणारे डॉक्टर कर्करोग पाहत होते. इम्प्लांट बसवणाऱ्यांचे काम टाके काढल्यावर संपले होते.

पहिला नमुना

सूज आल्यावर त्या प्रथम जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तेथे सुईने सुमारे ८० मिलिलिटर पिवळसर द्रव काढण्यात आला, थोडा भाग जंतुपरीक्षणासाठी पाठवून उरलेला टाकून देण्यात आला आणि प्रतिजैविकांचा कोर्स देण्यात आला. जंतू वाढले नाहीत. काही आठवड्यांत द्रव पुन्हा भरला.

इम्प्लांट बसवल्यानंतर एक वर्षाहून अधिक काळाने, संसर्ग किंवा मार लागल्याचे स्पष्ट कारण नसताना साचलेला द्रव हा ‘उशिराचा सेरोमा’ मानला जातो आणि त्याची तपासणी ठरलेल्या पद्धतीनेच व्हावी लागते. शक्यतो ५० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक द्रव पेशींच्या तपासणीसाठी पाठवावा, असे मार्गदर्शन आहे. पहिल्या वेळी काढलेला द्रव निदानासाठी सर्वांत मौल्यवान असतो, कारण द्रव पुन्हा भरतो तेव्हा संशयित पेशी विरळ झालेल्या असू शकतात. त्या दवाखान्याने जे केले ते कोणत्याही साध्या गळवासाठी योग्यच ठरले असते. येथे इम्प्लांट आहे, ही माहिती तपासणीच्या कागदावर लिहिली गेली नाही, एवढेच कमी पडले. प्रयोगशाळेला जे विचारले जाते, त्याचेच उत्तर ती देते.

ज्याची शंका धरायची, तो आजार दुर्मीळ आहे. इम्प्लांटभोवती शरीर जी तंतुमय पिशवी, म्हणजे कॅप्सूल, तयार करते, तिच्यात उद्भवणारा ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा १९९७ मध्ये प्रथम वर्णिला गेला. एफडीएने त्याबद्दल पहिली सूचना जानेवारी २०११ मध्ये दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून तात्पुरती मान्यता दिली. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. तो टी-पेशी या प्रतिकारक पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा, म्हणजे लसीका-संस्थेचा कर्करोग, आहे. त्याचा संबंध जवळजवळ नेहमी खरखरीत, म्हणजे टेक्स्चर्ड, पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी आढळतो, आणि इम्प्लांट बसवल्यानंतर सरासरी आठ ते दहा वर्षांनी, बहुधा याच प्रकारे अचानक साचलेल्या द्रवाच्या रूपाने, तो प्रकट होतो. हा पृष्ठभाग खरखरीत केला गेला तोच मुळी कॅप्सूल आवळून घट्ट होऊ नये आणि इम्प्लांट जागच्या जागी फिरू नये म्हणून. २४ जुलै २०१९ रोजी ॲलर्गन कंपनीने एफडीएच्या मागणीवरून आपली ‘बायोसेल’ पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. त्या वेळी एफडीएकडे जगभरातील ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती.

म्हणून आमच्यापुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: या रुग्णाच्या छातीतील इम्प्लांटचा पृष्ठभाग कोणता?

कागद

बायोसेलच्या माघारीची बातमी आली आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका वेढला. या कुटुंबाचे घर अनेक दिवस पाण्यात होते. शस्त्रक्रियेची फाइल आणि इम्प्लांटचे कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत होते. ट्रंक मिळाली, कागदांचा लगदा झाला होता. आम्ही पुण्याच्या रुग्णालयाला पत्र पाठवले. जुनी अंतर्रुग्ण कागदपत्रे उपलब्ध नाहीत, असे उत्तर आले. त्यात नियमभंग काही नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी अंतर्रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात. जी वस्तू दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ शरीरात राहणार आहे, तिची ओळख सांगणारा कागद तीन वर्षांनी नष्ट केला तरी कायदेशीर अडचण येत नाही, ही विसंगती या प्रकरणाच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे.

यजमान एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला असल्याने शस्त्रक्रियेचा खर्च कारखान्याच्या सामूहिक वैद्यकीय विम्यातून झाला होता. इम्प्लांटचे पैसे मंजूर करण्यासाठी विमा कंपन्या त्याच्या वेष्टनावरील स्टिकर आणि बिल मागतात. कारखान्याच्या कार्यालयात, पुराचे पाणी न पोहोचलेल्या मजल्यावर, त्या दाव्याची झेरॉक्स सापडली. स्टिकरवर उत्पादक, मॉडेल, आकार, लॉट क्रमांक आणि पृष्ठभागाचा प्रकार वाचता येत होता. इम्प्लांट टेक्स्चर्ड होते. मात्र ते मागे घेतलेल्या यादीतील नव्हते. जी माहिती रुग्णाच्या फाइलमध्ये असायला हवी होती, ती एका लेखनिकाने हिशेबासाठी जपून ठेवली म्हणून आमच्या हाती लागली.

काखेतील ग्रंथी आणि दुसरा नमुना

पेट-सीटीने दाखवलेली ग्रंथी १.६ सेंटिमीटरची होती. पेट तपासणीत ग्लुकोज भराभर वापरणारा ऊतिभाग उजळतो. कर्करोगाच्या पेशी उजळतात तशाच दाह चालू असलेल्या जागाही उजळतात. कर्करोगाचा इतिहास असलेल्या व्यक्तीच्या काखेत काही उजळले, की वाचणाऱ्याचे मन पुनरुद्भवाकडे झुकणे स्वाभाविक आहे, आणि अहवालातही ‘शक्यता’ असाच शब्द होता. घरी तो खात्री म्हणून वाचला गेला. दीर म्हणाले, “डॉक्टर, आता आणखी तपासण्यांत वेळ कशाला घालवायचा? औषध सुरू करू या.” त्यांची घाई आम्हाला समजत होती, तरीही ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय केमोथेरपीचा विचार करता येणार नाही, हे त्यांना शांतपणे पण ठामपणे सांगावे लागले.

सोनोग्राफीत चित्र वेगळेच दिसले. ग्रंथीची मागची कड दिसेनाशी झाली होती आणि तिच्या जागी वरून खाली पसरत जाणारी धूसर पांढरी छटा होती. सिलिकॉन ग्रंथीत पोहोचल्यावर सोनोग्राफीत असेच दिसते. सिलिकॉनसाठी खास क्रम वापरून केलेल्या एमआरआयमध्ये इम्प्लांटच्या आत कवचाच्या दुमडलेल्या, गुंतलेल्या शेवयांसारख्या रेषा दिसल्या, शिवाय कॅप्सूलच्या मागील बाजूस थोडे जेल बाहेर आलेले होते. कवच फाटले होते आणि सिलिकॉन काखेपर्यंत गेले होते. ग्रंथीची कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणी, झाली: फेसाळ पेशी, रिकाम्या पोकळ्या, परकीय वस्तूभोवती जमणाऱ्या महाकाय पेशी, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी दाखवणारे केराटिनचे रंजन निगेटिव्ह. काखेत कर्करोग नव्हता.

इम्प्लांट फाटलेले सापडल्यामुळे लिम्फोमाची शंका मात्र संपत नव्हती, कारण फाटलेले इम्प्लांट आणि लिम्फोमा एकाच छातीत असू शकतात. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली शंभरहून अधिक मिलिलिटर द्रव काढून त्याचे भाग करण्यात आले: सायटॉलॉजी आणि सेल ब्लॉक (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी), या लिम्फोमाच्या पेशींवर आढळणाऱ्या सीडी-३० या प्रथिनाचे रंजन, जंतुपरीक्षण आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार यंत्राने मोजणे). शेवटच्या तपासणीसाठी पेशी ताज्या लागतात. तो नमुना बर्फाच्या पेटीत घालून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबईला गेला आणि सकाळी प्रयोगशाळेत पोहोचला. तपासणीच्या प्रत्येक कागदावर, ठळक अक्षरांत, ‘टेक्स्चर्ड इम्प्लांट, ९ वर्षे, उशिराचा सेरोमा’ असे लिहिले होते.

अहवाल पूर्णपणे स्वच्छ आला नाही. बहुसंख्य पेशी लहान लिम्फोसाइट (प्रतिकारक पांढऱ्या पेशी) आणि सिलिकॉन गिळलेल्या मॅक्रोफेज (परके कण गिळणाऱ्या पेशी) होत्या, परंतु काही मोजक्या पेशी सीडी-३० पॉझिटिव्ह होत्या. येथे घाईने वाचणाऱ्याची फसगत होण्याचा धोका आहे. सीडी-३० हा केवळ लिम्फोमाचीच ओळख पटवणारा ठसा नाही. दाहामुळे चेतवलेल्या साध्या लिम्फोसाइटवरही ते दिसते. विखुरलेल्या, दहा टक्क्यांहून कमी पेशी पॉझिटिव्ह असतील, त्यांचे रूप विकृत नसेल आणि फ्लो सायटोमेट्रीत एकाच कुळातील टी-पेशींची वाढ नसेल, तर तो प्रतिक्रियात्मक सेरोमा मानला जातो. या तिन्ही अटी येथे पूर्ण होत होत्या. मुंबईच्या रक्तविकृतितज्ज्ञांनीही स्लाइड पाहून हेच मत दिले.

निर्णय

आता कर्करोग उलटलेला नव्हता, लिम्फोमाचा पुरावा नव्हता, पण फाटलेले टेक्स्चर्ड इम्प्लांट आणि वारंवार भरणारा द्रव होता. ज्यांना काहीही त्रास नाही अशा स्त्रियांनी केवळ भीतीपोटी टेक्स्चर्ड इम्प्लांट काढून घेऊ नये, असा एफडीएचा सल्ला आहे आणि तो योग्य आहे; या रुग्णाला मात्र त्रास होता, म्हणून इम्प्लांट कॅप्सूलसह काढण्याबद्दल आमच्यात मतभेद नव्हता. पुढे काय, यावर चर्चा झाली. गुळगुळीत पृष्ठभागाचे नवे इम्प्लांट, पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचा ऊतिभाग वापरून पुनर्रचना, किंवा काहीच न करता छाती सपाट ठेवणे, असे तीन मार्ग होते. प्लास्टिक सर्जनचा कल पाठीच्या स्नायूकडे होता. त्यांच्या मते त्वचा चांगली होती आणि परिणाम समाधानकारक आला असता.

रुग्णाने दोनच गोष्टी विचारल्या. नवीन इम्प्लांट घातले तर दर काही वर्षांनी पुन्हा फोटो काढावे लागतील का, आणि पाठीचा स्नायू काढल्यावर फळ्यावर उंच लिहिताना हात चालेल का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असे होते. दुसऱ्याचे उत्तर ‘बहुतेकांचा हात चालतो, पण काही महिने जातील, आणि थोडी ताकद कमी झालेली जाणवू शकते’ असे होते. त्या घरी गेल्या, विचार केला आणि आठवड्याने सांगितले की त्यांना छाती सपाट ठेवायची आहे आणि बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन वापरायचा आहे. यजमानांनी, “बाई, एकदा अजून विचार करा,” असे म्हटल्याचे आम्ही ऐकले. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, तसेच तेही म्हणत असत. बाईंचा निर्णय बदलला नाही. शाळेचे सत्र बुडू नये म्हणून शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत ठरली, आणि रक्ताच्या गाठींचा धोका टाळण्यासाठी त्या सुमारास काही आठवडे टॅमॉक्सिफेन थांबवण्यात आले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये संपूर्ण कॅप्सूल इम्प्लांटसह काढण्यात आली. फासळ्यांकडील भिंत घट्ट चिकटलेली होती आणि तेथे फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ न देणे हाच शस्त्रक्रियेतील सर्वांत वेळखाऊ भाग ठरला. कवचाला मागच्या घडीवर सुमारे दोन सेंटिमीटरची चीर होती. कॅप्सूल दिशा दाखवणारे टाके घालून पाठवली गेली आणि सहाही बाजूंतून मिळून १२ तुकडे तपासण्यात आले. लिम्फोमा नव्हता. कॅप्सूलमध्ये क्वचित आढळणारा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, ज्याबद्दल एफडीएने सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला, तोही नव्हता. सिलिकॉनभोवतीचा जुना दाह मात्र सर्वत्र होता. काखेतील ग्रंथी काढली नाही. ती निरुपद्रवी आहे आणि काढल्यास हात सुजण्याचा धोका विनाकारण वाढला असता. पुढच्या कोणत्याही पेट तपासणीत ती पुन्हा उजळेल, हे डिस्चार्ज कार्डवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत लिहून दिले.

संशोधन कोठपर्यंत पाहते

हे प्रकरण एका रुग्णाचे असले, तरी त्यातील दरी संशोधनातही दिसते. अमेरिका आणि कॅनडातील ११ केंद्रांत झालेल्या स्तन-पुनर्रचनेच्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांच्या आत सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली, आणि त्या मुदतीत इम्प्लांटपेक्षा स्वतःच्या ऊतीने केलेल्या पुनर्रचनेतच गुंतागुंत अधिक होती. हा निष्कर्ष खरा आहे. पण ज्या घटनेसाठी आमची रुग्ण आली, ती नवव्या वर्षाची आहे आणि दोन वर्षांच्या अभ्यासाला ती दिसणे शक्यच नाही. एफडीएने नोव्हेंबर २००६ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांटना पुन्हा परवानगी दिली, तेव्हा प्रत्येक उत्पादकाने सुमारे ४०,००० स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा करावा अशी अट होती. बहुसंख्य स्त्रिया त्या पाठपुराव्यातून गळाल्या, आणि नंतर परवानगी मिळालेल्या इम्प्लांटच्या अशाच अभ्यासांतील त्रुटींबद्दल २०१९ मध्ये दोन उत्पादकांना इशारापत्रे देण्यात आली.

लिम्फोमाच्या जोखमीचे आकडेही कोण किती काळ आणि किती नीट पाहतो यावर बदलतात. नेदरलँड्समधील राष्ट्रीय विकृतिशास्त्र नोंदींवर आधारित आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इम्प्लांट असलेल्या स्त्रियांत वयाच्या ७० पर्यंत सुमारे १२,००० पैकी एकीला हा आजार होतो, असे दिसले. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने पुनर्रचनेसाठी टेक्स्चर्ड इम्प्लांट घेतलेल्या ३,५४६ स्त्रियांना दीर्घकाळ पाहिले, तेव्हा प्रमाण ३५५ पैकी एक असे निघाले. पहिल्या आकड्यात सर्व प्रकारची इम्प्लांट येतात आणि दुसऱ्यात प्रामुख्याने एकाच कंपनीची, हे खरे. तरीही कर्करोगानंतर पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रीला केवळ पहिला आकडा सांगून मोकळे होणे मला पटत नाही.

भारतात अशा घटनांची नोंद घेणारी व्यवस्था आहे. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांसाठीचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. या प्रकरणाचा अर्ज आम्ही तेथे पाठवला. अर्जात उत्पादक, मॉडेल आणि लॉट क्रमांकाचे रकाने आहेत. कारखान्यातील झेरॉक्स नसती, तर ते रिकामे राहिले असते, आणि रिकाम्या रकान्यांच्या अर्जातून कोणत्या लॉटमध्ये दोष आहे हे कधीच समजत नाही.

रुग्णाने २०२४ मध्ये टॅमॉक्सिफेनची दहा वर्षे पूर्ण केली. जखम भरली, द्रव पुन्हा साचला नाही, आणि नियमित तपासणी चालू आहे. या प्रकरणानंतर आम्ही आमच्या पाठपुराव्यातील पुनर्रचना झालेल्या स्त्रियांच्या फाइली काढून प्रत्येकीच्या पहिल्या पानावर इम्प्लांटचा स्टिकर किंवा त्याची प्रत लावण्याचे काम हाती घेतले. जेथे रुग्णालयाकडे कागद नाहीत, तेथे आता प्रथम विम्याचा दावा मागवतो. काहींचे तपशील मिळाले आहेत. काहींनी शस्त्रक्रिया रोखीने केली होती, म्हणून दावाच झाला नव्हता. त्यांच्या इम्प्लांटचा पृष्ठभाग कोणता आहे हे आजही अज्ञात आहे, आणि त्यांना सोनोग्राफीसाठी बोलावताना तो टेक्स्चर्डच आहे असे गृहीत धरले जाते.